नेल्डाबाईच्या दारावरची पाटी

आमच्या ओटवेलात कुणाला "तुझ्या सदऱ्याखाली काय हाय?" असं विचारणं म्हणजे त्याच्या बायकोचं वजन विचारण्यासारखं. टेक्सासच्या कायद्यानं मुभा दिली, माणसानं हत्यार कमरेला लावलं, वरनं सदरा सोडला, विषय संपला. पण नेल्डा प्रॉक्टर नावाच्या बाईचा विषय तिथनंच सुरू व्हायचा. तोंडानं ती काही विचारायची नाही. नुसती बघायची.

नवरा लाकडाच्या ट्रकवर होता, तो गेल्यावर तिनं कोर्टासमोर हॉटेल घातलं. सकाळी पावासारख्या मऊ बिस्किटावर पांढरी ग्रेव्ही, दुपारी तळलेला कॅटफिश, आणि पाई तर अशी की एरवी चर्चवरनं भांडणारे बाप्तिस्त लोक मेथडिस्टांच्या शेजारी बसून खायचे. सुरुवातीला तिनं कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातल्या हाताच्या खुर्च्या लिलावात घेतल्या. जो तो कुरकुरायला लागला, खुर्ची अरुंद आहे म्हणून. बाईला वाटलं, आपल्या ग्रेव्हीनं गावाची ढुंगणं वाढली. आठवडाभर तिनं ग्रेव्ही पातळ केली. मग तिच्या ध्यानात आलं, की माणसं अडकतात ती उजव्या अंगालाच. एकटा लॉयस मिंटन डाव्या अंगाला अडकायचा, आणि लॉयस डावरा. बसताना लाकडावर 'टक्' असा आवाज व्हायचा.

"ढुंगणाचा आवाज टक् असा येत न्हाई," असं ती मला म्हणाली होती.

तिनं खुर्च्या विकल्या आणि बिनहाताची बाकं आणली. सगळे सुखानं बसले. ग्रेव्हीही पुन्हा घट्ट झाली.

बाई काही हत्याराच्या विरुद्ध नव्हती. तिच्या बापानं तिला चालायला आणि नेम धरायला एकाच उन्हाळ्यात शिकवलं असं ती सांगायची. परसात साप निघाला तर शेजाऱ्याला हाक मारत बसणारी बाई नव्हे ती. पण बँकेनं दारावर पाटी लावली, आत हत्यार आणायचं नाही म्हणून, दवाखान्यानं लावली, आणि पेंडीच्या दुकानदारानं उलटी पाटी लावली, हत्यारवाल्यांचं स्वागत आहे म्हणून. मग लोक तिला विचारायला लागले, नेल्डाबाई, तुमची पाटी कुठली? ती म्हणायची, "माझी पाटी पाईची. आज पीकनच्या दाण्यांची हाय."

हॉटेलात खिडकीपाशी एक टेबल होतं, त्याला नुसतं 'टेबल' म्हणायचे. तिथं रोज सकाळी चौघं बसून डॉमिनोच्या सोंगट्यांवर 'बेचाळीस' नावाचा जोडीचा डाव खेळायचे. डब सॉरेल, हा गायी पाळायचा आणि तोंड मोकळं सोडायचा. लॉयस मिंटन, डावरा, कमी बोलणारा. तिसरे बाप्तिस्तांचे पाद्री, ब्रदर केंडल. आणि चौथे हॉलिस टार्व्हर, म्हणजे मास्तर.

मास्तर शाळेचे नव्हेत. रानात चोरून शिकार करणाऱ्यांना धरायची सरकारी नोकरी त्यांनी जन्मभर केली, आणि पेन्शनीत आल्यावर आगीच्या बंबाच्या शेडमध्ये दर शनिवारी हत्यार बाळगायचा क्लास घ्यायला लागले. मागनं कायदा बदलला. परवाना नसला तरी चालतं, असं झालं. तरी ओटवेलचा माणूस मास्तरांकडं जायचाच. आपण मास्तरांच्या हाताखालनं गेलोय, हे सांगण्यात मान होता. डब गेला होता, पाद्री गेले होते, नेल्डाबाई स्वतः गेली होती. मास्तरांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ: "हत्यार आनि दाताची कवळी, दोन्ही आपापल्या जागी. काढून बाजूला ठिवली, की इसरली म्हनून समजा."

तर त्या उन्हाळ्यात, दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर चायो संडास साफ करायला गेली. चायो ही नेल्डाबाईची वाढपीण, घरात स्पॅनिश बोलणारी. वाढपीण कसली, उजवा हातच. हॉटेलाचा संडास एकच, बायाबाप्यांना मिळून. चायो गेली तशी परत आली, फडकं हातात तसंच कोरडं.

"बाई, जरा हिकडं या."

"काय गं? तुंबलाय?"

"तुंबला असता तर मी तुमाला कशाला बोलावलं असतं?"

पुसायच्या कागदाच्या डब्यावर, चष्मा काढून ठेवावा तसं, चामड्याच्या म्यानात घातलेलं पिस्तूल होतं.

हे कसं होतं ते आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. माणूस तिथं बसायला गेला, पँट सोडली, की कमरेचं वजन पँटीला खाली ओढतं. म्हणून माणूस ते काढून शेजारी ठेवतो. मग पोट हलकं होतं, आणि पोटाबरोबर डोकंही.

नेल्डाबाईनं दाराला कडी लावली, मास्तरांनी शिकवलं होतं तसं ते रिकामं केलं, आणि मक्याच्या पिठाच्या डब्यात खाली घालून डबा वरच्या फळीवर ठेवला. ती हात पुसते न पुसते तोच बाहेर चर्चची बस थांबली. सुट्टीतल्या बायबल शाळेची पोरं पाई खायला आली होती. पहिलीच पोरगी, दोन वेण्यांची, दारातनं आत आली ती पाय आवळत सरळ संडासात पळाली.

नेल्डाबाईनं चायोकडं बघितलं. चायोनं तिच्याकडं.

पोरं गेल्यावर चायो म्हणाली, "पाटी लावा, बाई."

"अगं, पाटी लावली तर टेबल उठून पेट्रोलपंपावर जाईल. टेबल गेलं की त्याच्या मागनं अर्धं गाव जातंय."

"जाऊ दे. न्हाईतर मी जाते. मी संडास धुवायला जाते, बाई, रानडुकराच्या शिकारीला न्हाई."

"आधी कुणाचं हाय ते तरी कळू दे."

"कळून काय करणार? लोणचं घालणार?"

पण नेल्डाबाईचा स्वभावच तो. शिवाय कळलं पाहिजे होतं, आणि गुपचूप कळलं पाहिजे होतं. ओटवेलात माणसानं दारू पिऊन ट्रक तळ्यात घातला तर गाव हसून सोडून देतं. पण हत्यार संडासात विसरणाऱ्याला सुटका नाही. डेल्टन म्हणून एकजण होता, तो शेजारच्या गावात बुटांच्या दुकानात विसरून आला. त्याच्या ट्रकच्या मागं कुणी ना कुणी रोज संडासच्या कागदाची गुंडाळी बांधायचं. पोरीच्या लग्नात केकवर गुंडाळी. शेवटी तो ओक्लाहोमाला राहायला गेला. चायोनं आठ दिवसांची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी हॉटेल भरलं असताना नेल्डाबाईनं ग्लासवर चमचा वाजवला.

"मंडळी, संडासात काल कुणाची तरी एक वस्तू राहिलीय. ज्याची आसंल त्यानं मागच्या दारानं यावं, खूण सांगावी, घेऊन जावं. मी नाव इचारनार न्हाई."

तिला वाटलं होतं कुणीतरी लाल होईल. झालं वेगळंच. सगळ्या हॉटेलात हात हलले. डबचा हात पाठीमागं सदऱ्याखाली गेला. लॉयसचा डाव्या कमरेला. ब्रदर केंडल बुटाची नाडी बांधायला वाकले, आणि त्यांच्या पायात बिननाडीचे उंच बूट होते. बँकेतल्या कारकुनानं खाक खाजवली. कोपऱ्यातल्या ऑपलबाई, ऐंशीच्या, जन्मभर गावाचं वाचनालय सांभाळलेल्या, त्यांनी बाकावरची पर्स मांडीवर ओढली आणि हळूच दाबून बघितली. एका दमात सगळं झाकलेलं हॉटेल उघडं पडलं.

मग जो तो आपलं जागेवर आहे बघून दुसऱ्याकडं बघायला लागला.

डब म्हणाला, "ब्रदर, देवावर भरवसा न्हाई का तुमचा?"

पाद्री म्हणाले, "देवावर हाय रे. तुज्यावर न्हाई."

हसण्याचा गलका झाला. नेल्डाबाई हसली नाही. एक हात हलला नव्हता, तो तिनं बघितला होता. मास्तर आपल्या सोंगट्यांकडं बघत होते. गलका थांबल्यावर म्हणाले, "कुणाची चाल हाय?"

स्वयंपाकघरात चायो म्हणाली, "मास्तरांचा हात न्हाई गेला."

"मास्तर हाईत ते. त्यांना चाचपायची गरज न्हाई."

असं म्हणाली खरी, पण म्हणताना तिचं तिलाच पटलं नाही. क्लासात मास्तर काय सांगायचे? शंका आली की आधी हात लावून बघायचं, मग तोंड उघडायचं. म्हणजे सगळ्यांत आधी हात जायला हवा होता तो मास्तरांचा.

मग ती टेबलाकडं नीट बघायला लागली, खुर्च्यांकडं बघितलं होतं तशी. बेचाळीसमध्ये कुठल्या सोंगट्या पडून गेल्या ते ध्यानात ठेवावं लागतं, तिथंच खेळ. मास्तर दर डावात दोनदा विचारायचे, "कुणाची चाल हाय?" त्यांचे जोडीदार पाद्री. पाद्री हल्ली रोज हरत होते आणि चकार शब्द काढत नव्हते, आणि ब्रदर केंडल हरल्यावर कसे फुगतात ते गावाला माहीत. लॉयस, कमी बोलणारा लॉयस, दर डावाला पुटपुटायचा, "हुकूम पाचाचा हाय. पाचाचा." कुणाला सांगायचा? डबला तर कान आहेत.

त्याच संध्याकाळी ऊन कलल्यावर ती पाई घेऊन मास्तरांच्या घरी गेली. मास्तर ओसरीवर बसले होते. बायको वारल्यापासनं एकटेच.

ती म्हणाली, "मास्तर, माझ्या पिठाच्या डब्यात एक वस्तू हाय."

मास्तर कुंपणाकडं वळले. मग म्हणाले, "मूठ लाकडाची. मुठीवर खालच्या अंगाला ओरखडा. ट्रकच्या दारात चेमटलं हुतं एकदा."

"व्हय. तेच."

"घरी येऊन हुडकलं मी. उशीखाली बगितलं. ट्रकमधी बगितलं. फ्रीजमधी बी बगितलं."

"फ्रीजमधी कशाला?"

"मागच्या महिन्यात तिथंच सापडलं हुतं."

नेल्डाबाईनं पाई पायरीवर ठेवली आणि बसली.

"मग मागायला का न्हाई आलात? मी नाव इचारनार न्हाई म्हनलं हुतं."

"नाव तुला इचारायचं काम पडलं असतं व्हय? माझ्या तोंडाला न्हाई का नाव?"

"आनि सकाळी हात का न्हाई हलला? सगळ्यांनी चाचपलं. तुमी नुसतं सोंग केलं असतं तरी कुणाला कळलं नसतं."

"तिथं काय न्हाई ते मला ठावं हुतं. रिकाम्या जागेला हात लावायचं सोंग न्हाई जमलं, नेल्डा."

"त्यात बार भरलेला हुता, मास्तर. तुमच्या मागनं दोन वेण्यांची एक पोरगी गेली आत."

हे तिनं सांगायलाच हवं होतं, आणि सांगितल्यावर मास्तरांचं तोंड बघायला नको होतं, असं ती मला म्हणाली. बिडाच्या तव्यावर पाणी पडल्यासारखं झालं म्हणे. मास्तर उठले, ओसरीच्या टोकापर्यंत गेले, थुंकले, परत आले.

"त्ये तुज्याकडंच ठेव. मला देऊ नकोस. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"बरं."

"पर मोकळ्या कमरेनं मी तिथं बसलो, तर डब दोन दिसांत वळकंल. सदरा कसा पडतोय त्ये बगतो त्यो, मीच शिकवलंय त्याला. म्हनंल, मास्तर, कुठाय तुमचं? मग मी काय सांगू? येनं बंद करू?"

मास्तरांना दिवसात दुसरं काही नव्हतं. सकाळचं टेबल, आणि शनिवारचा क्लास. टेबल गेलं की मग मुलीच्या गावी, ह्यूस्टनला, एका खोलीत. नेल्डाबाईला ते सांगावं लागलं नाही.

मास्तर म्हणाले, "पाटी लाव."

"काय?"

"दारावर. आत हत्यार आनायचं न्हाई म्हनून. मंग कुनाच्याच कमरंला काय नसंल. मला कोन इचारतंय?"

"मास्तर, बँकेच्या पाटीला तुमी भर रस्त्यात शिव्या दिल्या हुत्या. मला मेलेल्या नवऱ्याचे कान झाकावेसे वाटले हुते."

"तुज्या बी पाटीला देनार. न दिऊन कसं चालंल? संशय येईल की."

"म्हंजे पाटी मी लावायची, आनि शिव्या बी मीच खायच्या."

"तुला कमी पडत्यात का एरवी?"

ती हसली. मग म्हणाली, "आनि क्लास?"

"क्लास बंद. कायद्यानं परवान्याची गरज ठिवली न्हाई म्हनून सांगीन. लोकांना सरकारला शिव्या द्यायला आवडतंय."

"आनि ट्रक?"

"ट्रकचं मागनं बगू," मास्तर म्हणाले, आणि पाई घेऊन आत गेले.

ही पाटी म्हणजे आपल्या मनासारखी लिहून चालत नाही. कायद्यानं ठरवलेले शब्द, इंचभर उंच अक्षरं, एकदा इंग्रजीत, एकदा स्पॅनिशमध्ये. लावली तेव्हा दाराची निम्मी काच झाकली आणि आज कुठली पाई आहे ते बाहेरनं दिसेना. चायोनं लावताना एक खिळासुद्धा वाकू दिला नाही.

गावानं जे बोलायचं ते बोललं. पेंडीच्या दुकानदारानं तिच्याकडं येणं सोडलं. बायबल शाळेच्या बाईनं येऊन तिचा हात धरला, देवानं तुम्हाला बुद्धी दिली म्हणाली, तेही तिला फारसं आवडलं नाही. तिला खरं लागलं ते ऑपलबाईंचं बोलणं. त्या दारापर्यंत आल्या, चष्मा लावून पाटी पूर्ण वाचली, आणि नेल्डाबाईला बाहेर बोलावलं.

"नेल्डा, मी एकटी राहते. चालत येते, चालत जाते. मला गाडी न्हाई, त्यामुळं गाडीत ठेवून येण्याची सोय न्हाई. वाईट मानूस पाटी वाचत न्हाई. पाटी वाचतात ती माझ्यासारखी मानसं."

"व्हय, ऑपलबाई."

"मग?"

"मग काय न्हाई. तुमचं बरोबर हाय. पाटी ऱ्हानार."

ऑपलबाई पर्स काखेत दाबून गेल्या त्या गेल्याच. दर शुक्रवारी चायो त्यांच्या घरी लिंबाची पाई पोचवायची. त्या पाई ठेवून घ्यायच्या आणि दार लावायच्या. मास्तरांना मातीत दिल्यावर नेल्डाबाईनं मला हे सगळं सांगितलं, तेव्हा ऑपलबाईंपाशी येऊन ती अडली. म्हणाली, "त्यांना मी उत्तर दिलं न्हाई. हुतं कुठं?" मी म्हटलं, आता मास्तर नाहीत, पाटी काढशील? तर म्हणाली, "चायोला इचार. मला तर हात लावू देत न्हाई ती."

पण पाटी लागली त्या सकाळचं राहिलं.

टेबलातले तिघं बाहेर उभे होते. आत कोण जातंय, हे बघत. डब मोठ्यानं बोलत होता, म्हणजे आत ऐकू जावं.

"नेल्डाबाई! उद्या चोर आला तर त्याला काय पाटी दाखवनार?"

आतनं ती म्हणाली, "तुझी बेचाळीसची चाल दाखवीन. हसून मरंल."

"चला रे," डब म्हणाला. "पेट्रोलपंपावर कॉफी मिळतीया. घान आसंल, पर सोतंत्र हाय."

तेवढ्यात मास्तरांचा ट्रक आला. मास्तर उतरले. पाटीसमोर उभे राहिले आणि पहिल्या अक्षरापासनं मोठ्यानं वाचायला लागले. इंग्रजी झालं, मग स्पॅनिश सुरू केलं. ते इतकं वाईट वाचलं की चायोला आतनं राहवेना, ती दारातनं एकेक शब्द दुरुस्त करायला लागली. वाचून झाल्यावर मास्तरांनी शिव्या दिल्या. अशा दिल्या की ब्रदर केंडलनी टोपी काढून हातात घेतली. नेल्डाबाईच्या आईपासनं सुरुवात करून पाटीचे शब्द ठरवणाऱ्या सरकारी कारकुनापर्यंत गेले. नेल्डाबाई गल्ल्यामागं हाताची घडी घालून उभी. चायोला तर खरंच वाटलं. तिला आतलं काही ठाऊक नव्हतं.

शिव्या संपल्यावर मास्तर ट्रककडं परत गेले. दार उघडलं. पाठ फिरवून उभे राहिले, आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं, कोपर अंगाला धरून हात सावकाश कमरेकडं नेला, बोट लांब सरळ ठेवून. क्लासात पहिल्या दिवशी शिकवतात ते सगळं, एकही पायरी न गाळता. मग पुढच्या कप्प्यात काहीतरी ठेवलं, कप्पा लावला, ट्रकला कुलूप घातलं, कुलूप ओढून बघितलं, आणि हात झटकत परत आले.

डब तोंड उघडं टाकून बघत होता.

"काय बगतोस? घर तिचं, नियम तिचा. हे बी क्लासात सांगितलं हुतं. का तवा झोपला हुतास?"

"न्हाई, मास्तर."

"मंग जा की."

डब गेला. लॉयस गेला. ब्रदर केंडल घोट्यापाशी वाकायला लागले, मग रस्त्यावर आहोत हे आठवून गाडीत जाऊन वाकले. तीन दारं धाडधाड लागली. चौघं आत आले, बसले, कॉफी आली, सोंगट्या पालथ्या करून घोळल्या गेल्या. पहिला अर्धा तास तिघंही कमरेपाशी मोकळं मोकळं वाटून सारखे हलत होते, नवी कवळी बसवलेल्या माणसासारखे. एकटे मास्तर स्वस्थ होते.

पण सोंगट्या डोळ्यांजवळ नेऊन लांब धरून बघत होते. नेल्डाबाई कॉफी ओतायला वाकली आणि कानाशी म्हणाली, "काय ठिवलं कप्प्यात?"

"चष्मा," मास्तर म्हणाले. "दुसरं काय हुतं माज्याकडं?"

"आनू का?"

"बस गप. समदं वाया जाईल." आणि मग मोठ्यानं, टेबलाला: "कुणाची चाल हाय?"

"तुमची, मास्तर," लॉयस म्हणाला. "हुकूम दोनाचा. दोनाचा."